वरच्या कोर्टाचा माणूस

न्यायमूर्ती विश्वेश वालावलकर निवृत्त होऊन कुणकेश्वरला राहायला आले, तेव्हा गावाला त्यांच्याबद्दल एकच गोष्ट ठाऊक होती. हा माणूस सुनावलेली फाशीसुद्धा पुसू शकत होता. देवळाकडच्या हॉटेलात ते चहाला टेकले की आसपासचं बोलणं आपोआप बारीक होई. कुणी जमिनीचे कागद घेऊन येई, कुणी भावाभावांतलं भांडण. सगळ्यांना त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "मी आता कुणाचं काही ऐकत नाही. चांगला वकील बघा."

खरं म्हणजे माणसांचं ऐकण्याचं काम त्यांनी आयुष्यात कधी केलंच नव्हतं. देवगडच्या एका मास्तरांचा हा मुलगा कायदा शिकून मुंबईला गेला आणि फक्त अपिलं चालवणाऱ्या एका वकिलांच्या हाताखाली लागला. सव्वीस वर्षं त्यांनी अपिलं लढवली, पुढची तेरा वर्षं उच्च न्यायालयात बसून ती ऐकली. अपिलात साक्षीदार येत नाही, त्याची टंकलिखित साक्ष येते. आरोपी येत नाही, त्याचा वकील येतो. रक्त, रडणं, घाम, थरथरणारा आवाज, हे सगळं खालच्या कोर्टात संपलेलं असतं आणि वर येतो तो पिवळ्या दोऱ्याने बांधलेला गठ्ठा. वालावलकरांना गठ्ठा वाचता येई तसा क्वचितच कुणाला येत असेल. पोलिसांपुढच्या जबाबात नसलेलं वाक्य साक्षीत कुठे घुसलं, पंचनाम्यातली वेळ आणि डॉक्टरांची वेळ कुठे जुळत नाही, हे त्यांना गाणाऱ्याला सूर कळावा तसं कळे. त्यांचा एकही निकाल वर फिरला नाही. हा अभिमान ते बोलून दाखवत नसत, पण तो होता.

बायको गेल्यावर त्यांनी मुंबईचं घर बंद केलं आणि कुणकेश्वरला बहिणीकडे आले. बहीण जानकी विधवा. तिची मुलगी गौरजा गावाजवळच्या हायस्कुलात मराठी शिकवायची. वडिलांचं आठ वर्षांचं आजारपण काढता काढता गौरजाचं लग्न राहून गेलं होतं. आता ती चाळिशीची होती आणि त्याविषयी कुणी बोललेलं तिला चालत नसे.

त्या वर्षी एका विधी महाविद्यालयाने स्मरणिकेसाठी वालावलकरांकडे लेख मागितला होता. त्यांनी विषय निवडला तो एका जुन्या अमेरिकन न्यायाधीशाचा. एकोणिसाव्या शतकातला माणूस, आधी वकील, मग राज्याच्या विधिमंडळात, मग संघराज्याचा न्यायाधीश. घोडागाडीतून गावोगाव फिरून खटले चालवायचा, साक्षीदार उतरलेले असत त्याच खानावळीत जेवायचा. पुढे अपिलांची वेगळी न्यायालयं निघाली आणि त्याला तिथे बसवलं. उतारवयात त्याने एका पत्रात लिहिलं होतं, की आता माझ्यासमोर माणसं येत नाहीत आणि मला झोप चांगली लागते. यांतली कोणती गोष्ट वाईट, ते मला ठरवता येत नाही. वालावलकरांनी या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली होती आणि लेख तिथेच अडला होता.

बाबली गवस त्या घरात आला तो पावसाळा ओसरताना. दोडामार्गाकडचा माणूस, पंचेचाळिशीचा, किरकोळ अंगाचा. बरीच वर्षं गोव्यात नोकरी केली, आता कुणकेश्वरच्याच किनाऱ्यालगत दोन खोल्या घेऊन पर्यटकांना द्यायचा. गौरजाच्या शाळेची सहल दोडामार्गाच्या केळीच्या बागा बघायला गेली, तेव्हा त्याने सगळी व्यवस्था करून दिली. तिथून ओळख झाली. मग कधी केळीचा घड, कधी काजूगर घेऊन तो येऊ लागला. आला की पुढच्या अंगणात, खळ्यात चपला काढायचा, पायरीवरच बसायचा. आवाज कधी चढवत नसे. जानकीबाई त्याला दोनदा विचारून चहा देत, आणि तो दर वेळी कप स्वतः विसळून पालथा घालून ठेवी.

"बायल वारली म्हणता बिचाऱ्याची," जानकीबाई भावाला म्हणाल्या. "पोर ना बाळ. गौरजाक आवडता तो. तुमी आडवे येव नकात हां, भाई."

"मी कशाला आडवा येईन," वालावलकर म्हणाले. ते घरातही कोर्टातलंच मराठी बोलत.

त्यांना बाबली आवडत असे की नाही, हे त्यांचं त्यांनाच नीट सांगता आलं नसतं. एवढं मात्र त्यांच्या लक्षात आलं होतं, की हा माणूस कधी काही विचारत नाही. घरात निवृत्त न्यायाधीश असला की माणसं काहीतरी विचारतातच. बाबलीने कधी विचारलं नाही.

दिवाळीनंतर वाऱ्याने एक माड तारांवर पडला आणि दोन दिवस वीज गेली. पंप बंद. जानकीबाईंनी परसातल्या विहिरीची जुनी कप्पी, दोरी आणि कळशी काढली. सकाळी दहाच्या सुमाराला बाबली आला, त्याने त्यांच्या हातातून दोरी घेतली आणि मोरीतलं पिंप, तांब्याची हंडी, सगळं भरून दिलं. वालावलकर मागच्या दारात वर्तमानपत्र घेऊन बसले होते. पाणी भरून झाल्यावर बाबलीने ओली दोरी कोपरापासून पंजापर्यंत घेत एकसारखी गुंडाळली, शेवटचा वेढा मधोमध आवळून गाठ मारली, ते वेटोळं खांबाच्या खिळ्याला टांगलं आणि त्याच्यावर तळहाताने एक हलकी थाप दिली.

वालावलकरांच्या हातातलं वर्तमानपत्र तसंच राहिलं. कुठल्यातरी पंचनाम्यातलं एक वाक्य त्यांच्या डोळ्यांपुढे आलं, अगदी टंकलेखनाच्या चुकीसकट. 'कप्पीची दोरी वेटोळे करून मध्ये गाट मारून खांबाचे खिळ्यास टांगलेली दिसून येते.'

बाबली गेल्यावर त्यांनी बहिणीला विचारलं, "बाबलीचं पाळण्यातलं नाव काय?"

"पुष्कर. कित्याक ओ?"

"सहज."

वीज आल्यावर त्यांनी संगणक उघडला. उच्च न्यायालयाचे निकाल हल्ली कुणालाही बघता येतात. शोधायला तीन मिनिटं लागली. पुष्कर गवस विरुद्ध राज्य सरकार. खंडपीठ दोघांचं होतं, पण निकाल त्यांनी स्वतः लिहिलेला होता.

मृत स्त्रीचं नाव सीता, वय सव्वीस. लग्नाला चार वर्षं. काजूच्या बागेतल्या विहिरीत तिचं प्रेत मिळालं. नवरा म्हणाला, पाणी काढताना तोल गेला. सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली ती मुख्यतः दोन गोष्टींवर. एक, दोरी. बाई पाणी काढताना पडली तर दोरी कप्पीवर लोंबत राहायला हवी होती. ती गुंडाळून टांगली कुणी? दुसरी, हौसाबाई नावाच्या शेजारणीची साक्ष. तिने संध्याकाळी एक किंकाळी ऐकली आणि त्यानंतर कप्पी करकरल्याचा आवाज. म्हणजे बाई आत पडल्यावर कुणीतरी दोरी वर ओढून घेतली होती.

परिच्छेद एकोणीसमध्ये वालावलकरांनी लिहिलं होतं: पंचनामा चार तासांनंतरचा, तोवर विहिरीवर चाळीस माणसं जमली होती, दोरी कुणीही टांगलेली असू शकते. हौसाबाईने पोलिसांपुढच्या जबाबात कप्पीचा उल्लेख केलेला नाही. एवढी महत्त्वाची गोष्ट सांगायची राहून जाते हे पटण्यासारखं नाही, ती मागाहून रचलेली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. आणि निकालाच्या शेवटच्या ओळीत: आरोपीची निर्दोष मुक्तता.

त्यांनी तो निकाल तीनदा वाचला. त्यात चूक नव्हती. आजही त्यांनी तोच लिहिला असता, आणि याचीच त्यांना भीती वाटली.

सत्र न्यायाधीशांनी हौसाबाईबद्दल एक ओळ लिहिली होती, 'साक्षीदार सरळ व निर्भीड वाटली.' अपिलात वालावलकरांनी त्या ओळीचा उल्लेखही केला नव्हता. सरळ वाटणं हा कागदावर येणारा पुरावा नव्हे.

दोन दिवसांनी, जिल्ह्याच्या ठिकाणी ओरोसला पेन्शनच्या कामाला जातो असं सांगून ते घराबाहेर पडले आणि तीन बस बदलून दोडामार्गच्या पलीकडे त्या गावात उतरले. खोटं बोलून घराबाहेर पडायची ही त्यांची पहिली वेळ होती. वाट रबराच्या बागेतून होती. झाडांना एकाच उंचीवर चिरा दिलेल्या, प्रत्येकीखाली वाटी बांधलेली. वाटेत एकही माणूस भेटला नाही.

हौसाबाई पंचाहत्तरीच्या होत्या. अंगणात सुपाऱ्या सोलत बसल्या होत्या. वालावलकरांनी सांगितलं, सीता गवसच्या केसबद्दल विचारायला आलोय.

"आता?" म्हातारीने वर बघितलं. "आता कित्याक? तो सुटलो ना?"

"तुम्ही कप्पीचा आवाज ऐकलात, ते पोलिसांना पहिल्यांदा का सांगितलं नाही?"

"सांगलंय मां. लिवणारो म्हणालो, किंकाळी आयकलंस तितक्या पुरे, कप्पी बिप्पी नको, कागद भरलो." हातातली सुपारी तिने सुपात टाकली. "मगे खालच्या कोर्टात सांगलंय. त्या जजान माझ्या तोंडाकडे बघून आयकल्यान. वरच्या कोर्टातल्या जजान माका बघूक नाय, काय नाय, आणि म्हणालो हौसा खोटा बोलता. गावात सगळ्यांनी आयकल्यानी तां. माझ्या सुनेन सुद्धा."

वालावलकरांना वाटलं, आता सांगावं. पण त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.

"तो सुटून आला तेव्हा काही त्रास दिला?"

"त्रास नाय. रोज सकाळी हय," तिने अंगणाच्या बुटक्या दगडी कुंपणाकडे बोट केलं, "ह्या गडग्यापाशी येऊन उभो रवायचो. 'काकी, बरी आसस मां?' इतक्याच विचारायचो आणि जायचो. दोन वर्सां. एक दिवस चुकवूक नाय. मगे गोव्याक गेलो." तिने पदराने तोंड पुसलं. "माझ्यान काय कोणाक सांगवना. बरी आसस काय विचारता म्हणून पोलिसांत जातत काय?"

"तुम्हाला काय वाटतं, त्याने केलं असेल?"

म्हातारीने आणखी एक सुपारी सोलली. "माका दिसाक नाय. माका आयकाक इला. तितक्याच माका म्हायत." आणि मग, "तुमी कोण ते सांगलात नाय."

"मी वरच्या कोर्टातला," वालावलकर म्हणाले.

 तिने सूप उचललं आणि आत गेली. दार लावलं नाही, पण बाहेरही आली नाही. अर्धा तास उभं राहून ते निघाले.

चौथ्या दिवशी सकाळी बाबली आला. जानकीबाई देवळात गेल्या होत्या, गौरजा शाळेत. त्याने केळीचा घड पडवीत ठेवला, आणि नेहमीसारखं पायरीवर न बसता वालावलकरांच्या समोरची खुर्ची ओढून बसला.

"साहेब दोडामार्गाक गेल्लात म्हणे."

"गेलो होतो."

"हौसाकाकी बरी आसा मां?"

वालावलकरांनी चष्मा काढून पुसला. बाबली त्यांचं पुसणं होईपर्यंत थांबला. मग तो स्वच्छ, कचेरीतल्या मराठीत बोलू लागला. "साहेब, तुमचा निकाल मला पाठ आहे. सत्तावीस परिच्छेद. तुरुंगातल्या वकिलांनी वाचून दाखवला तेव्हा मी तो पुन्हा पुन्हा वाचायला लावला. माझ्या बापाने माझ्यावर विश्वास ठेवला नव्हता. भावाने नाही. सगळ्या जगात एका माणसाने लिहून दिलं की मी निर्दोष आहे. मग मी राहायला कुठे जाणार? त्या माणसाच्या गावातच ना?"

"तू मुद्दाम इथे आलास."

"इथे माझ्याकडे कुणी बोट दाखवणार नाही. दाखवलं तर तुमच्याकडे दाखवल्यासारखं होईल."

"मी तुला निर्दोष म्हटलं नाही, पुष्कर. सिद्ध झालं नाही, असं म्हटलं."

"शेवटच्या ओळीत शब्द आहे साहेब. निर्दोष मुक्तता." तो हसला नाही. "मला तेवढा पुरतो. लग्नात मामा म्हणून तुम्ही उभं राहावं अशी माझी इच्छा आहे. गौरजाची पण आहे."

"सीता कशी मेली?"

बाबलीने त्यांच्याकडे शांतपणे बघितलं. "परिच्छेद सहा. 'मृत्यू पाण्यात गुदमरून.'" तो उठला. "केळी दोन दिवसांत पिकतील. जास्त ठेवू नका." खुर्ची होती तिथे नीट सरकवून तो गेला.

त्या दिवशी वालावलकर जेवले नाहीत. आयुष्यभर त्यांनी एक नियम पाळला होता, की नोंदीबाहेरचं काही मनात घ्यायचं नाही. दोरी गुंडाळायची एक सवय, म्हातारीचं बोलणं, सकाळी गडग्याशी उभं राहणारा माणूस, यांतलं काहीच नोंदीत बसत नव्हतं. शिवाय आणखी एक गोष्ट होती. समजा बाबली खरोखरच निर्दोष असेल. बायको अपघातात गेलेली, चार वर्षं तुरुंगात काढलेली. अशा माणसाच्या आयुष्यात पुन्हा उभं राहण्याची एक संधी आलेली असताना, ज्याने त्याला सोडवलं त्यानेच ती हिरावून घ्यायची? त्यांना दोन्ही बाजू स्पष्ट दिसत होत्या. तेरा वर्षं त्यांना त्याच कामाचा पगार मिळत होता. पण इथे निकाल राखून ठेवायची सोय नव्हती. जानकीबाईंनी पौषानंतरचे मुहूर्त काढायला भटजींना सांगितलंच होतं.

संध्याकाळी गौरजा शाळेतून आली तेव्हा ते तिला किनाऱ्यावर घेऊन गेले. होड्या वाळूत ओढून ठेवलेल्या होत्या, जाळी दुरुस्त करणारी माणसं घरी गेली होती. ओहोटी होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं, दोरीपासून हौसाबाईपर्यंत. एकाही गोष्टीला त्यांनी स्वतःचं मत जोडलं नाही.

गौरजाने सगळं ऐकून घेतलं. "मला माहीत आहे, मामा."

"काय माहीत आहे?"

"केस. त्याने दसऱ्यालाच मला तुमच्या निकालाची प्रत दिली. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून. म्हणाला, आधी हे वाच, मग हो की नाही सांग. मला वाटलं, किती सरळ माणूस आहे." ती पाण्याकडे बघत होती. "मी पहिलं पान बघितलं, शेवटी तुमची सही बघितली. मधलं वाचलंच नाही. तुमची सही असल्यावर वाचायचं काय?"

वालावलकर चालायचे थांबले. आपला निकाल कुठे कुठे गेला असेल, याचा विचार त्यांनी कधी केला नव्हता. निकाल लिहिला की गठ्ठा बांधला जाई आणि शिपाई घेऊन जाई.

"मग आता मधलं वाच," ते म्हणाले.

"वाचेन. पण एक विचारते. जज म्हणून नको, मामा म्हणून सांगा. त्याने केलं का?"

"पुराव्यावरून—"

"पुराव्यावरून नको."

समोर एक लाट अर्ध्यातूनच परतली. वालावलकरांनी जवळजवळ चाळीस वर्षं तोंडात न घेतलेली भाषा त्यांच्या तोंडातून बाहेर आली. "केल्यान, गो बाय. माका वाटता, केल्यान. माका सिद्ध करूक येवचा नाय. चुकत असलंय तर तां पाप माझा."

गौरजा घराकडे वळली.

तिने तीन रात्रींत निकाल वाचून काढला. शनिवारी शाळा सुटल्यावर ती एकटीच दोडामार्गला गेली आणि रविवारी परत आली. हौसाबाईंनी तिला काय सांगितलं, हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही. सोमवारी दुपारच्या सुट्टीत तिने बाबलीला शाळेच्या फाटकाशी बोलावलं आणि लग्न करायचं नाही असं सांगितलं. तो फक्त "बरां" म्हणाला. कारण विचारलं नाही. तिला वाटलं होतं तो चिडेल, निदान दुखावेल. तो तिच्या खांद्यावरून मागे शाळेच्या खिडक्यांकडे बघत होता, जणू दुसऱ्याच कुणाचा निरोप ऐकावा तसा. पंधरा दिवसांत त्याने दोन्ही खोल्या दुसऱ्याला दिल्या आणि गाव सोडलं.

जानकीबाई भावाशी महिनाभर बोलल्या नाहीत. ताट वाढत, पाणी ठेवत, पण शब्द नाही. एकदा फक्त म्हणाल्या, "कोर्टात सोडलात आणि घरात धरलात. हो कसलो न्याय तुमचो?" वालावलकर उठून आपल्या खोलीत गेले. महाविद्यालयाला त्यांनी पत्र लिहून कळवलं, की प्रकृतीमुळे लेख होणार नाही. अमेरिकन न्यायाधीशाचं पुस्तक कपाटात गेलं.

माघात, महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी देवळापुढे मांडव पडू लागले होते, तेव्हा एका दुपारी वेंगुर्ल्याहून फोन आला.

"न्यायमूर्ती वालावलकर का? मी भाई आरोलकर. पोस्टातून रिटायर झालो. आपली ओळख नाही, पण आपल्याच शब्दावर आमचं सगळं अडलंय, म्हणून धीर केला." आवाज सज्जन होता, थोडा घाबरलेला. "माझी मुलगी भक्ती. नवरा गेला तिचा, पंचायत समितीत नोकरीला आहे. तिला एक स्थळ आलंय. त्या माणसाने स्वतःहून आपण दिलेला निकाल आणून दाखवला. म्हणाला, साहेबांना विचारा, त्यांच्या घरात माझं येणंजाणं होतं. तर विचारतो साहेब. देऊ का मुलगी?"

वालावलकर उभ्यानेच बोलत होते, ते खाली बसले. कागद कसा चालतो हे त्यांना आता नीट समजलं. तो माणूस पुढच्या दारात गेला होता, आणि त्याच्या हातात तोच कागद होता. फोनवर "नको" म्हणणं सोपं होतं. पण फोनवरचं "नको" आणि गठ्ठ्यावरची सही, दोन्हींत त्यांना समोरचा माणूस दिसत नव्हता.

"फोनवर सांगत नाही," ते म्हणाले. "मी येतो. मुलीला घरी थांबायला सांगा. आणि त्यालाही बोलवा."

"त्याला? त्याच्यासमोर?"

"हो. त्याच्यामागे बोलणार नाही."

गौरजाने शाळेतून रजा टाकली. "मी येते," एवढंच ती म्हणाली. जानकीबाईंनी डब्यात पोळ्या भरून दिल्या आणि भावाच्या हातात छत्री दिली, उन्हासाठी.

आरोलकरांचं घर बंदराच्या रस्त्याला होतं. पुढच्या खोलीत भक्ती बसली होती, छत्तीस-सदतीसची, ऑफिसच्या साडीतच. खिडकीखालच्या बाकावर बाबली होता. यांना बघून तो उठला आणि वाकून नमस्कार केला.

"बस," वालावलकर म्हणाले.

त्यांनी बोलायला सुरुवात केली. आयुष्यात प्रथमच ते साक्षीदाराच्या जागी होते आणि तोंड कोरडं पडतं म्हणजे काय होतं, ते त्यांना कळत होतं. त्यांनी निकालात काय लिहिलं ते सांगितलं, का लिहिलं ते सांगितलं आणि तो निकाल कायद्याने बरोबर होता हेही सांगितलं. मग विहिरीवरची दोरी, हौसाबाई, गडगा. बाबलीने एकदाही मधे तोंड घातलं नाही. फक्त पंचनाम्याची तारीख चुकली तेव्हा तो हळूच म्हणाला, "अकरा तारीख, साहेब."

"अकरा," वालावलकरांनी सुधारलं. "मला शपथेवर सांगता येणार नाही की याने केलं. पण माझी भाची याच्याशी लग्न करणार होती, आणि मी तिला नको म्हटलं. माझ्या सहीवर विसंबून कुणी मुलगी द्यावी, अशी ती सही नाही. एवढंच सांगायला आलो."

भक्ती गौरजाकडे बघत होती. गौरजाने होकाराने मान हलवली. मग भक्ती बाबलीकडे वळली. "हे खरं आहे?"

"साहेबांनी तेव्हा लिहिलं ते खरं, की आता बोलतात ते, तूच ठरव," बाबली म्हणाला. "मी एकच माणूस आहे. साहेब दोन आहेत."

 रस्त्यावरून मासळीची गाडी हॉर्न वाजवत गेली. भाई आरोलकर मुलीकडे बघत होते आणि मुलगी जमिनीकडे. शेवटी भक्ती उठली. टीपॉयवर ठेवलेला प्लॅस्टिकचा फोल्डर तिने उचलला आणि बाबलीच्या हातात दिला.

"हे तुमचं घेऊन जा," ती म्हणाली. 

बाबलीने फोल्डर घेतला, त्याच्या कडा शर्टाला पुसल्या. दारात थांबून तो वालावलकरांना म्हणाला, "साहेब, उन्हाचे निघालात. वय झालं तुमचं. सांभाळून जा."

त्याच्या मोटारसायकलचा आवाज बंदराकडे गेला, मग वळला आणि गावाकडच्या रस्त्याला लागला.

परतीची बस साडेतीनला होती. कुडाळच्या अलीकडे एका टपरीपुढे बस थांबली. रस्त्याच्या पलीकडे मोटारसायकल उभी होती आणि बाबली तिला टेकून चहा पीत होता. त्याने बस बघितली, खिडकीतले वालावलकर बघितले आणि कप जरासा वर केला. गौरजाने मान फिरवली.

वालावलकरांनी फिरवली नाही. खालच्या कोर्टातले न्यायाधीश काय बघतात ते त्यांना एकदा बघायचं होतं. त्यांनी त्या चेहऱ्याकडे टक लावून बघितलं. डोळे, तोंडाची रेघ, कपाळ, चहावर फुंकर घालणारे ओठ. राग नव्हता, पश्चात्ताप नव्हता, दुःख नव्हतं. कुठल्याही बसस्टॉपवर दिसावा तसा एक माणूस होता. त्या चेहऱ्यावरून त्यांना काही म्हणता काही वाचता येईना.

बस सुटली. थोड्या वेळाने गौरजाने विचारलं, "तो आता कुठे जाईल?"

"ठाऊक नाही," ते म्हणाले. "माझा नंबर सगळ्या ठिकाणी देऊन ठेव. शाळेत, पोस्टात, तुझ्या मैत्रिणींना. कुणाला विचारायचं असेल तर विचारू दे."

मागे रस्त्यावर मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. ती बसच्या मागे येत होती की उलट दिशेने जात होती, हे वळणामुळे त्यांना कळलं नाही.